उघड्या डोक्याचा हक्क

जांभरखेडात उकंडा गारपगाऱ्याला वर्षातले अकरा महिने लोक 'उकंडा' म्हणत आणि फाल्गुनात 'उकंडराव' म्हणत. त्यातही आभाळ स्वच्छ असलं तर फाल्गुनातही उकंडाच. गहू पिवळा पडायला लागला आणि मावळतीकडे काळं दिसलं, की शंभर एकरांचा मालक अर्जुनराव रस्त्यात थांबून, "काय उकंडराव, जेवनगिवन झालं का?" असं विचारी. ढग पांगले की ओळख पांगे.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताच्या शेपटाला बांधलेलं होतं. सारा कुठे भरायचा आणि फिर्याद कुठे लावायची हे ठरवायला बुलढाण्याला साहेब होता. पण गारा अडवायला सरकारने माणूस नेमला नव्हता. तो गावानेच नेमला होता. उकंड्याचा आजा गारपगारी, बाप गारपगारी, आणि बाप वारल्यावर उकंडा. कायदा सोपा होता. गारा आल्या की अंगावर लंगोटी ठेवून मारुतीच्या ओट्यावर उभं राहायचं, हातात लोखंडी त्रिशूळ धरायचा आणि आभाळाला समजावून सांगायचं. नाही ऐकलं तर शिव्या द्यायच्या. डोकं मात्र उघडं पाहिजे. पागोटं नको, घोंगडी नको, वर हातसुद्धा नको. याबद्दल सोंगणीच्या वेळी गव्हाच्या दर शेतातून पाच पेंढ्या. गारा पडत असताना डोकं झाकलं तर पेंढ्या बंद, आणि एकदा बंद झाल्या की नातवापर्यंत बंद.

बापाला जाऊन अकरा वर्षं झाली होती आणि त्या अकरा वर्षांत जांभरखेडच्या शिवारात एक गार पडली नव्हती. न पडलेल्या गारांचं श्रेय घ्यायला कष्ट पडत नाहीत. उकंड्याने ते पोटभर घेतलं. पण सुख फार दिवस टिकलं की लोकांना त्याची किंमत महाग वाटू लागते. अर्जुनराव चावडीवर उघड म्हणायला लागला होता, "पडतच नाही त अडवते काय? पेंड्या त चांगल्या अडवते."

दुसरी गोष्ट गावाला ठाऊक नव्हती. ती फक्त उकंड्याच्या बायकोला, कोकिळेला ठाऊक होती. बापाच्या डोक्यावर घोंगडीसारखे दाट केस होते. उकंड्याच्या पागोट्याखाली एक केस उरला नव्हता. चांगलं घासलेल्या तांब्यासारखं डोकं. या डोक्यावर गार पडली तर काय होईल याचा विचार तो सहसा करत नसे, आणि केलाच तर जेवण सोडून उठत असे.

त्या साली दिवाळीनंतर नांदुऱ्याच्या स्टेशनावरून दोन बैलगाड्या सामान घेऊन डॉसन पाद्री गावात आला. महादेवराव पाटलांनी मारुतीच्या देवळामागचा सरकीचा कोठा त्याला भाड्याने दिला. कोठ्यावर टीनपत्रे होते. साहेबाच्या सामानात पुस्तकं होती, औषधांची पेटी होती, वादळ यायच्या आधी जिचा काटा खाली उतरे अशी भिंतीवर टांगायची एक गोल काच होती, आणि अंघोळीचा एक टब होता. टब म्हणजे टीनाचं लांबट घंगाळ, माणूस आत बसेल एवढं. साहेब त्यात खरोखर बसतो हे पाटलांच्या गड्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. "सोताच्याच मळात बसते गा तो," असं तो गावभर सांगत फिरला.

चार महिन्यांत साहेबाच्या धर्मात कोणी गेलं नाही. त्याची गाणी लोक ऐकत आणि खरजेचं मलम घेऊन घरी जात. पण एका बाबतीत त्याचं नाव झालं: साहेब खोटं बोलत नसे. पाटलीणबाईंनी, अन्नपूर्णाबाईंनी, त्याला जेवायला बोलावून वांग्याचं भरीत वाढलं आणि कसं झालं म्हणून विचारलं. साहेब पुण्याच्या पंतोजीकडून शिकलेल्या शुद्ध मराठीत म्हणाला, "बाई, तुमची मी आभारी आहे, परंतु हे मला आवडले नाही." 'तुमचा'च्या जागी तो 'तुमची' म्हणाला, पण भरताबद्दल चुकला नाही. अन्नपूर्णाबाई आठ दिवस धुमसत होत्या. नवव्या दिवशी त्यांनीच शेजारणीला सांगितलं, "मेला खरा हाये पन."

होळीला चार दिवस होते. उकंडा आणि कोकिळा पाटलांच्या शेतात सकाळपासून हरभरा उपटत होती. हरभऱ्याच्या पानांवरच्या आंबट आंबेने बोटं चिरली होती, कंबर वाकून वाकून लाकूड झाली होती. वारा पडला होता आणि नुसती वाफ अंगाला चिकटत होती. तेवढ्यात बांधावरून साहेबाची टोपी येताना दिसली.

"उकंडराव," साहेब म्हणाला. तो बाराही महिने उकंडरावच म्हणत असे. "आज मोठे वादळ येणार आहे. माझी काच फार खाली उतरली आहे. कृपा करून घरात राहा."

साहेब पुढच्या शेताला सांगायला गेला. उकंड्याने हातातली हरभऱ्याची झाडं खाली ठेवली.

"कोकिळे, माह्या पोटात दुखून राह्यलं."

"कवापासून?"

"आताच."

"सायेब बोलला तवापासून?"

उकंड्याने मावळतीकडे पाहिलं. तिकडे निळं-काळं काहीतरी जमिनीतून उगवल्यासारखं वर येत होतं.

"हे पाहा," कोकिळा कंबरेवर हात देऊन उभी राहिली. "अकरा साल आपन या गावच्या पेंड्या खाल्ल्या. माह्या पोराईचे हाडं त्याच्यावर पोसले. आज तुमी घरात बसान त उद्या अर्जुनराव आपल्याले बांधावर उभं राहू देईन का?"

"नाही म्हनलं का मी? पोटात दुखते म्हनलं."

"पोट झाका. डोकं उघडं ठेवा."

"तेच त दुखनं हाये," उकंडा हळूच म्हणाला.

घरी आल्यावर कोकिळेने दार लावून त्याचं पागोटं सोडलं. तिला नवऱ्याची कीव आली आणि रागही आला. बिनकेसाचा गारपगारी गावाने पाहिला तर गारा थांबोत न थांबोत, हसणं थांबणार नव्हतं. तिने चुलीवरच्या तव्याची काजळी खरवडली, गोडेतेलात कालवली आणि त्याच्या डोक्यावर कपाळापासून मानेपर्यंत चोपडली. लांबून पाहिलं तर केस वाटले असते. उकंड्याने तेलाच्या वाटीत तोंड पाहायचा प्रयत्न केला. "बापासारखा दिसतो का?" त्याने विचारलं. कोकिळा "हाव" म्हणाली. ती काही पाद्री नव्हती.

दुपारी तीनच्या सुमारास उजेड गेला. आधी धुळीची भिंत आली, मग वारा. नदीकाठच्या बाभळी मुळापासून हलायला लागल्या, कडब्याच्या गंज्यांची टोपणं उडाली, कोणाचं तरी धोतर मारुतीच्या कळसाला गुंडाळलं. लोकांनी ढोरं आत घेतली आणि दारं ओढली. ओढली पण फट ठेवली, कारण ओट्यावर उकंडा चढला होता. आपल्या घराच्या उंबरठ्याशी कोकिळाही उभी होती.

पहिली गार त्रिशुळावर टणकन वाजली.

"जाय!" उकंडा ओरडला. "पहाडात जाय, कोनाच्या पिकावर येऊ नको. अकरा साल माहं ऐकलं, आज काऊन आला?"

गारा बोराएवढ्या होत्या. एक खांद्यावर लागली, एक नडगीवर, आणि तिसरी जिथे लागायची तिथे लागली. उकंड्याचे डोळे फिरले, पण पाय हलले नाहीत. समजावणं संपलं आणि शिव्या सुरू झाल्या. बापाने शिकवलेल्या संपल्यावर त्याने स्वतःच्या घातल्या. पावसाने काजळी वाहू लागली; काळे ओघळ कपाळावरून छातीवर, छातीवरून लंगोटीत उतरले. फटीतून पाहणाऱ्या लोकांना वाटलं, अंगात काळभैरव आला. अर्जुनरावानेही एकदा हात जोडले.

इकडे साहेबाच्या कोठ्याचे पत्रे कुरकुरत होते. भिंतीवरची काच, घड्याळ आणि वही घेऊन साहेब मधोमध उभा होता, कारण त्याला गारांची वेळ लिहायची होती. त्याच्या मुलखात वादळं होत. पण तिथे आधी ढग येत, मग वारा, मग पाऊस, एकेक जण दार वाजवून येई. इथे सगळे एकदम आत शिरले. एक पत्रा सुटला, दुसरा सुटला, आणि मग अख्खं छप्पर उचललं गेलं आणि पाटलांच्या मळ्याकडे निघून गेलं. पुस्तकांवर गारा पडू लागल्या. साहेबाने औषधाची पेटी आणि काच पलंगाखाली सरकवली, घड्याळ-वही खिशात कोंबली, टब उचलून डोक्यावर घेतला आणि बाहेर पडला. खालून त्याला फक्त स्वतःचे बूट दिसत होते. बुटांच्या मागे मागे तो मारुतीच्या ओट्यापर्यंत आला, आणि टबाची कड उचलून पाहतो तर समोर एक उघडा माणूस, डोक्यातून काळं वाहतंय, आणि तो पळून जायच्या ऐवजी आभाळाशी भांडतोय.

साहेबाला वाटलं, मार लागून याची बुद्धी गेली. तो ओट्यावर चढला, उकंड्याला मिठी मारली आणि टब दोघांवर पालथा घातला.

आत अंधार होता. चार गुडघे, एक त्रिशूळ आणि दोन धर्म दाटीवाटीने बसले होते.

"काढा हे! डोकं झाकू नका! सायेब, माहा हक्क जाते!"

टीनावर असा ताशा वाजत होता की साहेबाला फक्त तोंड उघडलेलं कळलं. त्याने मिठी घट्ट केली. उकंड्याने त्याच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. साहेब आपल्या देवाचं नाव मोठ्याने घेत राहिला, पण हात सोडला नाही. तेवढ्यात वरच्या आवाजाची जात बदलली. बोरं संपली आणि लिंबं सुरू झाली. एका गारेने टबाच्या तळाला पोचा पाडला. तो पोचा उकंड्याच्या टाळूच्या वर चार बोटांवर होता. उकंड्याने मनगट सोडलं; साहेबाने कडेखालून येणाऱ्या उजेडात घड्याळ पाहून घेतलं. आणि मग, हे फक्त दोघांनाच माहीत, त्याने हात बाहेर काढून टबाची कड स्वतःच खाली ओढली. आत बसून मात्र तो आभाळाला शिव्या देतच होता. नोकरीत खंड नको.

थोड्या वेळाने सगळं थांबलं. गावाने दारं उघडली. अंगणात पांढरा ढीग होता, चिमण्या मरून पडल्या होत्या, आणि ओट्यावर एक पालथं घंगाळ होतं, त्याच्या कडेखालून दोन बूट आणि दोन अनवाणी पाय दिसत होते.

"पाह्यलं का?" अर्जुनराव म्हणाला. त्याच्या नदीकाठच्या गव्हावर रोलर फिरवल्यासारखं झालं होतं. "झाकलं डोकं. संपला हक्क."

दुसऱ्या दिवशी दुपारी देवळापुढे पंच बसणार असं ठरलं.

सकाळी कोकिळा भाकरी घेऊन कोठ्यावर गेली. साहेब आभाळाखाली बसून ओली पुस्तकं पानापानाने वाळवत होता. मनगटाला पट्टी होती.

"सायेब, माह्या घरवाल्यानं चावलं. राग धरू नका."

"मला राग नाही, बाई. तो भ्याला होता."

"आज तुमाले पंच विचारतीन. तुमी काय सांगान?"

साहेबाचा चेहरा पडला. काय घडलं आणि त्या टबाखाली कोणाचं काय गेलं हे त्याला रात्री पाटलांनी समजावून सांगितलं होतं. त्याला तो हक्क पटत नव्हता, पण पाच पेंढ्या पटत होत्या. "मी खोटे बोलू शकत नाही," तो म्हणाला.

"खोटं बोला कोन म्हनते? विचारल्यापरीस जास्त बोलू नका, येवढंच." कोकिळेची नजर वहीवर गेली. "याच्यात काय लिवलं?"

"गारा कधी पडल्या, केवढ्या पडल्या, ते."

"वाचून दाखवा बरं," कोकिळा म्हणाली, आणि मातीत बसली.

दुपारी सगळं गाव जमलं. अर्जुनरावाने टब आणवून पंचांसमोर उताणा ठेवला. आतल्या बाजूला तळाला काजळीचा एक गोल, तेलकट ठप्पा उठला होता, वाटीएवढा.

"हे काय हाये? याचं डोकं आत होतं याचा अंगठाच हाये हा. अन् हे बी पाहा," असं म्हणून त्याने उकंड्याचं पागोटं काढलं. सूर्य त्या डोक्यावर चमकला. गाव हसलं. पाटील हसले. उकंडा मान खाली घालून बसला. गारांनी आलेली तीन टेंगळं सगळ्यांना दिसली, पण हसताना कोणी ती मोजली नाहीत. कोकिळेला वाटलं, जमीन फाटावी.

महादेवराव पाटलांनी खाकरून विचारलं, "सायेब, तुमी खोटं बोलत नाही. गारा पडत व्हत्या तवा याचं डोकं झाकलं व्हतं?"

"होय. मी झाकले."

"झालं," अर्जुनराव उठला.

"तो गुमान बसला का?" पाटलांनी विचारलं.

"नाही. ओरडला. मला चावला." साहेबाने पट्टी सोडून मनगट दाखवलं. दात स्वच्छ उमटले होते. तो आणखी काही सांगायला तोंड उघडणार होता, पण कोकिळेकडे पाहून त्याने ते मिटलं.

बायकांच्या घोळक्यातून कोकिळा पदर सावरत पुढे आली. "पाटील, म्या दोन सवाल विचारू का सायबाले?"

पाटलांनी मान हलवली.

"घंगाळ टाकायच्या आधी गारा केवढ्या व्हत्या?"

साहेबाने वही उघडली. "तीन वाजून दहा मिनिटे. लहान बोराएवढ्या."

"अन् घंगाळ टाकल्यावर?"

"तीन वाजून सोळा मिनिटे. मोठ्या लिंबाएवढ्या." त्याने टबाचा पोचाही दाखवला.

कोकिळा अर्जुनरावाकडे वळली. "दाजी, तुमचा गहू बोरानं गेला का लिंबानं?"

गावाने आधी टबाच्या पोच्याकडे पाहिलं. मग गाव हळूहळू साहेबाकडे पाहू लागलं. डोकं उघडं होतं तोवर बोरं; झाकलं आणि लिंबं. आंधळ्यालाही दिसावं इतकं सरळ होतं.

"परंतु या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही," साहेब घाईने म्हणाला. "वादळ आपल्या नियमाने—"

"सायेब," पाटील म्हणाले, "विचारल्यापरीस जास्त बोलू नका."

निकाल झाला. पेंढ्या चालू. डोकं गारपगाऱ्याने झाकलं नाही, साहेबाने झाकलं, आणि चावूनसुद्धा सोडलं नाही. फाल्गुनात टब पाटलांच्या कोठीत कुलपात राहील. जो माणूस गारपगाऱ्याला अंधश्रद्धा म्हणायला समुद्र ओलांडून आला, त्याच्याच वहीने गारपगाऱ्याला पुरावा दिला. त्या रात्री साहेबाने घरी काय पत्र लिहिलं असेल देव जाणे. फाल्गुन संपेपर्यंत तो विहिरीवर बादलीने अंघोळ करत होता, आणि बायका पाण्याला वेळ बदलून जात होत्या.

पेंढ्या घरी आल्या. त्याच आठवड्यात साहेब उकंड्याच्या दारात येऊन उभा राहिला.

"उकंडराव, मी अर्धेच सांगितले. कड तुम्ही स्वतः ओढली होती. मला झोप येत नाही."

"कोनी विचारलं का तुमाले?" कोकिळा आतून म्हणाली.

उकंडा गव्हाच्या ओंब्या चोळत बसला होता. त्याचे हात थांबले. "मलेबी येत नाही," तो म्हणाला.

वर्ष गेलं. दुसऱ्या फाल्गुनात तसंच काळं आलं. साहेबाची काच खाली गेली. त्याने सांगायच्या आतच उकंडा ओट्याकडे निघाला होता. कोकिळा काजळीची वाटी घेऊन मागे धावली. त्याने ती बाजूला सारली, पागोटं सोडून तिच्या हातात दिलं आणि तसाच चमकतं डोकं घेऊन वर चढला. यंदा कोणी हसलं नाही. वारा फार होता. उकंड्याने त्रिशूळ दोन्ही हातांनी घट्ट कवटाळला होता, ते फटीतून साफ दिसत होतं.

कोठ्याचं दार उघडलं. साहेब बाहेर आला, टोपी नाही, छत्री नाही. तांबूस विरळ केस कपाळाला चिकटले होते. तो ओट्यावर चढून उकंड्याशेजारी उभा राहिला. शिव्या दिल्या नाहीत, त्रिशुळाला हात लावला नाही, नुसता उभा राहिला. विजा कडकडल्या, पाऊस सपासप आला, झाडं आडवी झाली. दोघं तासभर भिजले. गार एकही पडली नाही.

चैत्र लागला. अर्जुनरावाच्या शेतात सोंगणी झाली, तेव्हा पेंढ्या द्यायला पाटील, साहेब आणि निम्मं गाव बांधावर होतं. अर्जुनराव छातीवर हात बांधून उभा होता.

"आज एक सांगा. औंदा गारा कोनं अडवल्या? यानं का सायबानं?"

"मला माहीत नाही," साहेब म्हणाला.

सगळे उकंड्याकडे पाहू लागले. कोकिळेने डोळ्यांनी खुणावलं. उकंड्याने पागोटं काढून काखेत धरलं.

"मलेबी माहीत नाही," तो म्हणाला. "अकरा साल म्या सांगतलं का म्याच अडवतो. मांगच्या साली सायबानं डोकं झाकलं खरं, पन लिंबायेवढी पडली तवा कड म्याच ओढली. सायबाले कोनी विचारलं नाही म्हनून तो बोलला नाही. अडवल्या का नाही ते देवाले माहीत. औंदा उभा व्हतो, येवढं खरं."

कोकिळेने डोळे मिटले. तीन पिढ्यांचा हक्क तिच्या नवऱ्याने एका दमात बांधावर टाकला होता, आणि तो उचलून अर्जुनरावाच्या हाती द्यायचं तेवढं बाकी होतं.

अर्जुनरावाने जवळ येऊन त्या डोक्याकडे पाहिलं. कानाच्या वर मागल्या सालच्या गारेची खूण अजून होती.

"भेव वाटलं का औंदा?" त्याने विचारलं.

"लय वाटलं."

अर्जुनराव वाकला. एक एक करून पाच पेंढ्या त्याने आपल्या हाताने बांधाबाहेर काढून ठेवल्या. गड्याला हात लावू दिला नाही. मग कंबर सरळ करून घाम पुसला. वर आभाळ कोरडं ठाक होतं, कापसाच्या बोंडाएवढाही ढग कुठे नव्हता.

"उचला, उकंडराव," तो म्हणाला.